प्रमिला सिस्टरांनी बांधलेलं जहाज

जय भीम मंडळी. नमस्कार.

मागं दाराशी जे उभे आहेत त्यांनी पुढं या. सतरंजीवर जागा आहे. सिस्टर असत्या तर आधी त्यांनी सगळ्यांना बसवलं असतं, मगच कोणाला बोलू दिलं असतं.

मला बोलायची सवय नाही. सिस्टरांच्या मुलीनं, अर्चनाताईंनी, मघाशी माईक माझ्याकडं दिला. मी तो शेजारच्या गुरुजींकडं सरकवला. परत आला, परत सरकवला. मग तिकडं बायकांत बसलेल्या कांतानं माझ्याकडं पाहिलं, म्हणून उभा राहिलो. कांता माझी बायको. बोलायचं खरं तिनं, पण ती म्हणते, तुम्हीच सांगा, मले रडू येईन.

मी दिगंबर नरवाडे. फुलसावंगीचा. तिथं चौकात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी उघडतो, तांब्याची तार नव्यानं भरतो आणि परत देतो. आर्णी ही माझी सासुरवाडी. इथं बसलेल्या पुष्कळ लोकांना प्रमिला सिस्टर दवाखान्यातल्या म्हणून माहीत आहेत. कोणाची बाळंतपणं त्यांनी केली, कोणाला सलाईन लावलं, कोणाला रागावल्या. रागावल्या नाहीत असं इथं कोणी असेल असं मला वाटत नाही. मी मात्र त्यांना ओळखायला लागलो ते त्या रिटायर झाल्यावर. त्यांच्या जहाजांमुळे.

ज्यांनी ती जहाजं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. रिटायर झाल्यावर सिस्टरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरात बसून राहायची पाळी आली. त्याच सुमारास मुंबईच्या भाच्यानं नातवासाठी एक खोका पाठवला होता. आत लाकडाच्या पट्ट्या, दोरा आणि एक नकाशा. जोडलं की शिडाचं जहाज होतं. नातवानं खोका उघडला, पट्ट्यांचा ढीग पाहिला आणि क्रिकेट खेळायला गेला. सिस्टरांनी तो नकाशा वाचला. वाचला आणि जोडायला बसल्या.

तिथून सुरू झालं. पुढं खोक्यांची गरज उरली नाही. पुसदच्या लाकडं कापायच्या आरा मशीनवरून सागवानाचे तुकडे आणायच्या, बारीक पट्ट्या काढून घ्यायच्या, गरम पाण्यात भिजवून वाकवायच्या. जहाजाच्या तळाला असतं त्या लाकडाला त्या कणा म्हणत, आणि त्यावर उभ्या केलेल्या लाकडांना फासळ्या. नर्सबाई होत्या, दुसरं काय म्हणणार? दवाखान्यातला बारीक चिमटा आणि टाक्यांची सुई त्यांच्या टेबलावर असायची. शिडाच्या दोऱ्यांच्या गाठी त्या चिमट्यानं मारायच्या. लोक विचारायचे, सिस्टर, आर्णीत समुद्र कुठाय? त्या म्हणायच्या, "मंग इथं समुद्र असता तं मी बनवली असती कायले? बाहीर जाऊनच पाह्यली असती."

समुद्र त्यांनी पाहिलेला होता. दर डिसेंबरला त्या दादरला जायच्या, तेव्हा किनाऱ्यावर उभ्या राहून पाहायच्या. पण जहाजात पाय कधी ठेवला नव्हता. हे त्यांनीच मला सांगितलं.

आता मी त्यांच्याकडं कसा गेलो ते सांगतो. ते सांगायचं म्हणजे योगेशचं सांगावं लागेल.

योगेश आमचा मुलगा. एकुलता. आयटीआय केला, माझ्या दुकानात थोडे दिवस बसला, पण त्याचं मन लागलं नाही. कोणीतरी सांगितलं, जहाजावर खलाशाची भरती असते, कोर्स करावा लागतो. त्यानं तो केला आणि गेला. मालवाहू जहाजावर लागला. कोळसा, गहू, खत, काय मिळेल ते वाहून नेणारं जहाज. फोन यायचा कधी या बंदरातून, कधी त्या बंदरातून. नावं आम्हाला उच्चारता येत नव्हती. कांता विचारायची, जेवला काय? तो म्हणायचा, जेवलो. मी विचारायचो, काम कसं आहे? तो म्हणायचा, ठीक आहे. बापलेकांचं बोलणं तेवढंच असतं, तुम्हालाही माहीत आहे.

मग एक दिवस कंपनीचा फोन आला. जहाजातल्या कोळशाच्या कोठारात काम करताना योगेश पडला आणि गेला.

पेटी यायला खूप दिवस लागले. नागपूरहून गाडीनं आणली. पेटी सील केलेली होती. उघडू नका, असं सांगितलं होतं. आम्ही उघडली नाही. तशीच स्मशानात नेली.

त्यानंतर गावात बोलणं सुरू झालं. मी कोणाचं नाव घेत नाही. कोणी म्हणालं, जहाजावर दारू फुकट मिळते, पोरगं पिऊन पडलं असेल. कोणी म्हणालं, पेटी उघडलीच नाही, आत कोण होतं कोणास ठाऊक. माझ्या दुकानात मोटार घेऊन आलेला माणूस हे मोटारीवर हात ठेवून बोलायचा. मी मान खाली घालून तार गुंडाळत राहायचो.

कांताचं वेगळं होतं. तिचा एकच प्रश्न. रोज. भाकरी करता करता, भांडी घासता घासता. "जहाजातून माणूस पडते तं पाण्यात पडते. हा जहाजातल्या जहाजात कसा पडला?" आणि दुसरं म्हणायची, "तो झोपे कोठी? जेवे कोठी? मले त्याची जागाच दिसत नाही डोळ्यापुढं."

जहाज म्हणजे माझ्या डोळ्यापुढं मोठी नाव यायची. पैनगंगेत असते तशी, फक्त मोठी. नावेत माणूस आतल्या आत पडून मरत नाही. मग माझ्याही मनात यायचं, लोक म्हणतात ते खरं असेल का? आपलं पोरगं खरंच प्यायलं होतं का? बापाच्या मनात हे येणं फार वाईट असतं, मंडळी. कांताला मी हे सांगितलं नव्हतं. आज सांगतो आहे, तीही ऐकते आहे.

आर्णीला मेहुण्याकडं आलो होतो तेव्हा तो म्हणाला, आमच्या गल्लीत प्रमिला वानखडे सिस्टर जहाजं बनवतात, चल दाखवतो. मी गेलो. सिस्टर टेबलाशी बसल्या होत्या, कपाळावर भिंग लावलेलं. मेहुण्यानं सगळं सांगितलं. त्यांनी भिंग वर केलं आणि म्हणाल्या, बसा भाऊ. बस एवढंच. हळहळ नाही, अरेरे नाही. चहा केला, बिनसाखरेचा. मग विचारलं, "जहाजाचं नाव काय होतं?"

मी नाव सांगितलं. योगेश गेल्यापासून मला जहाजाचं नाव विचारणारं पहिलं माणूस त्या होत्या.

मी त्यांना म्हणालो, सिस्टर, ते जहाज तुम्ही बनवून द्याल का?

नाही म्हणाल्या. सरळ नाही. म्हणाल्या, "मी शिडाची जहाजं करतो भाऊ. लोखंडी जहाज मी केलं नाही. आन् दुसरी गोष्ट, हे तुमच्या घरात राहीन. रोज दिसन. तुमच्या बायकोले विचारलं काय? तिले नको असन तं मी हात लावणार नाही."

मी घरी आलो आणि कांताला विचारलं. ती चिडली. "माह्यं पोरगं गेलं, आन् तुम्ही मले खेळणं आणून देता काय?" त्या दिवशी तिनं मला जेवायला वाढलं, पण बोलली नाही. पुढं बरेच दिवस तो विषय निघाला नाही. मग एका सकाळी अंगण झाडता झाडता थांबली आणि म्हणाली, "त्यात त्याची झोपायची खोली असन, तं करा म्हणा."

मी हे सिस्टरांना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, मग खोलीचे फोटो पाहिजेत.

फोटो कुठून आणायचे? योगेशसोबत जहाजावर राकेश नावाचा एक जण होता, बिहारचा. दोघं एकाच खोलीत राहायचे. योगेश गेल्यावर त्याचा एकदा फोन आला होता, अंकल एवढंच म्हणाला आणि ठेवून दिला. मी त्याचा नंबर सिस्टरांना दिला. त्यांनी त्याला व्हिडिओ कॉल लावला. माझ्यासमोर लावला. तो अजून त्याच जहाजावर, कुठल्या तरी बंदरात होता, धक्क्याला लागून, म्हणून आतही रेंज होती. सिस्टरांनी त्याला आमच्या वऱ्हाडी हिंदीत विचारायला सुरुवात केली. दरवाजा किस तरफ खुलता है? पलंग खिडकी के पास है क्या? उपर किसका, नीचे किसका? तो बिचारा जहाजभर फोन घेऊन फिरला. स्वयंपाकघर दाखवलं, जेवायचं टेबल दाखवलं, कपडे वाळत घालायची दोरी दाखवली. पलंगावर एक गोधडी होती. ती कांतानं शिवलेली. योगेशची पेटी आली तेव्हा त्याचं सामान आलं होतं, पण गोधडी आली नव्हती. राकेश म्हणाला, आंटी, वो मैंने रख ली. मांगेंगे तो भेज दूंगा. मी म्हणालो, राहू दे बेटा. थंडी असेल तिकडं.

मग सिस्टरांनी सांगितलं, कोठार दाखव. त्यानं फोन खाली केला. मलाही वाटलं, आता बस. पण सिस्टर दवाखान्यात आयुष्य काढलेलं माणूस. जखम पाहिल्याशिवाय पट्टी बांधत नसत. म्हणाल्या, "राकेश, उसके मां को मालूम नहीं वो कैसा गिरा. तेरे को मालूम है. बता."

त्यानं सांगितलं. कोळसा उतरवून झाला होता. रिकामं कोठार धुवायचं काम होतं. सकाळी चहा पिऊन सगळे उतरत होते. आत जायला लोखंडी शिडी, भिंतीला चिकटलेली, सरळ खाली जाणारी. वरून सोडलेल्या पाण्यानं कोळशाची भुकटी ओली झालेली. शिडीवर काळा चिखल. योगेश सगळ्यात आधी उतरला. त्याचा हात सुटला. राकेश खाली पोचला तेव्हा त्याचा श्वास चालत नव्हता.

मी मधेच विचारलं. मला विचारावंच लागलं. बेटा, तो प्यायला होता का?

राकेश म्हणाला, "नहीं अंकल. चाय पी के उतरे थे. हमारे जहाज पे दारू मना थी. और मिलती भी तो योगेश नहीं पीता था. हम लोग हंसते थे उसपे."

फोन बंद झाल्यावर मी बाहेर अंगणात जाऊन उभा राहिलो. सिस्टर मागं आल्या नाहीत. आत टेबलावर बसून कागदावर आकृती काढत होत्या. बराच वेळ गेल्यावर आतूनच म्हणाल्या, "भाऊ, चहा ठेवला हाये." एवढंच. आणि मंडळी, त्या दिवशी मला एवढंच पाहिजे होतं.

मग काम सुरू झालं. वर्षभर तरी चाललं असेल. बाजाराच्या दिवशी दुकान बंद ठेवून मी इकडं यायचो. लोखंडी जहाज असलं तरी त्यांनी ते लाकडातच केलं. या जहाजाला फासळ्या नव्हत्या. सागवानाच्या पाट्या, प्रत्येक पाटी मधून कापून पोकळ केलेली, एकावर एक चिकटवल्या. मग बाहेरून तासून आकार दिला. पोकळ भाग झाला कोठार. पहिल्यांदा चिकटवलं तेव्हा नाक जरासं वाकडं गेलं. मला तर दिसतही नव्हतं. त्यांनी ते सगळं उखडलं. मी म्हणालो, राहू द्या ना सिस्टर, कोणाला कळते? त्या म्हणाल्या, "मले कळते."

माझ्याकडं घासायचं काम. पॉलिशपेपर घेऊन घासत बसायचं. मी मोटारवाला, माझा हात जड. दोनदा बोलणी खाल्ली.

एका गोष्टीवरून आमचं भांडण झालं. रंगावरून. मला ते जहाज नवं कोरं पाहिजे होतं. लाल तळ, पांढऱ्या भिंती, चकचकीत. घरात येणाऱ्या माणसानं पाहावं आणि म्हणावं, दिगंबरचं पोरगं केवढ्या जहाजावर होतं. सिस्टरांनी फोटोवर बोट ठेवलं. गंजाचे ओघळ, उडालेला रंग, एका ठिकाणी वेगळ्याच रंगाचं ठिगळ. म्हणाल्या, "हे असं होतं. असंच करू." मी म्हणालो, माझ्या मुलाचं जहाज गंजकं दाखवू का लोकांना? त्या म्हणाल्या, "नवं केलं तं ते दुसऱ्या कोणाचं जहाज होईन. मंग दुकानातून आणा की." मी रागानं उठून निघून आलो. पुढच्या बाजाराला गेलो नाही. त्याच्या पुढच्या बाजाराला गेलो, तर गंज लावून झाला होता. चहाच्या पाण्यात काहीतरी रंग कालवून त्यांनी तो बारीक ब्रशनं ओढला होता. खरं सांगतो, तेव्हा ते पहिल्यांदा जहाजासारखं दिसलं.

कठड्याला तार पाहिजे होती. ती माझ्याकडं भरपूर. जळालेल्या मोटारीतून काढलेली, केसासारखी बारीकसुद्धा. मी गुंडाळी घेऊन गेलो. त्यांनी कठडा केला. मग म्हणाल्या, "भाऊ, शिडी राह्यली. तारेले सोल्डरचा टाका मारणं मले जमत नाही, तुम्हाले जमते. तुम्ही कराल काय? नाही म्हटलं तरी चालते. मी काड्यांची करून घेईन."

मी तार घेऊन फुलसावंगीला आलो. दुकानात बसलो. सोल्डरची कांडी तापवली. मंडळी, माझा हात रोज चालतो. झोपेतसुद्धा मी टाका मारीन. त्या दिवशी हात चालेना. पायरी धरली की सुटायची. कांडी बाजूला ठेवायचो, गिऱ्हाइकाची मोटार घ्यायचो, परत शिडीकडं यायचो. असे कितीतरी दिवस गेले. एकदा वाटलं, सिस्टरांना फोन करावा, काड्यांचीच करा म्हणून. फोन हातातही घेतला.

मग कांता दुकानात आली. तिनं विचारलं, काय करून राह्यले? मी सांगितलं, ती शिडी आहे. तिनं ती हातात घेतली, पाहिली. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. म्हणाली, "मी एक बाजू धरतो. तुम्ही मारा टाका." तिनं चिमट्यानं तार धरली. मी टाके मारले. एकेक पायरी. संध्याकाळपर्यंत शिडी झाली. आम्ही दोघं त्या दिवशी पहिल्यांदा एकमेकांसमोर रडलो. तोवर ती घरात रडायची, मी दुकानात.

सिस्टरांना हे असं होईल हे माहीत होतं का? मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "मले काय माहीत? मले टाका मारता येत नव्हता म्हून तुम्हाले दिली." मला वाटतं, त्या खरंच बोलत होत्या. त्या खोटं बोलायच्याच नाहीत.

जहाज तयार झालं तेव्हा कांताला घेऊन आर्णीला आलो. टेबलभर लांब जहाज. सिस्टरांनी मागचा इमारतीसारखा भाग दाखवला. त्याचे मजले जेवणाच्या डब्याच्या कप्प्यांसारखे एकेक उचलून निघायचे. एक मजला काढला, दुसरा काढला, आणि खाली खोल्या. सिस्टरांनी कांताच्या हातात भिंग दिलं. नखाएवढे, एकावर एक दोन पलंग. खालचा राकेशचा, वरचा योगेशचा. वरच्यावर गोधडी. कागदावर रंगवलेली. कांता म्हणाली होती, ज्या लुगड्याची गोधडी शिवली त्याचाच तुकडा देते, तो लावा. सिस्टरांनी घेतला नव्हता. कापड जाड पडेल, पलंगावर ठेवल्यासारखं वाटेल, अंथरल्यासारखं नाही.

कांता भिंग घेऊन खूप वेळ पाहत राहिली. मग विचारलं, "जेवे कोठी?" सिस्टरांनी जेवायची खोली दाखवली. "आंघोळ कोठी करे?" तेही दाखवलं. "इथून मले फोन करे काय?" सिस्टर म्हणाल्या, नाही, जहाज धक्क्यापासून लांब असलं की इकडं रेंज पकडत नव्हती, डेकवर या कोपऱ्यात येऊन करायचा, राकेशनं सांगितलं आहे. कांतानं त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

मग ती म्हणाली, आता ते दाखवा.

सिस्टरांनी कोठाराचं झाकण उचललं. आत आमची शिडी. सिस्टरांनी स्वयंपाकघरातून तांदळाचा एक दाणा आणला आणि चिमट्यानं शिडीच्या टोकाशी धरला. म्हणाल्या, "हा माणूस. ह्या मापात माणूस एवढा येते." मग दाणा हळूहळू खाली नेला. खाली, खाली. तळाशी ठेवला.

कांतानं वाकून पाहिलं. म्हणाली, "हे तं विहिरीपेक्षा खोल हाये."

सिस्टर म्हणाल्या, हो.

"त्याले समजलं असन काय?"

मंडळी, अशा वेळी आपण काय म्हणतो? आपण म्हणतो, नाही हो, काही कळलं नसेल, देवानं अलगद उचललं. सिस्टर असं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "कांताबाई, पडताना समजलं असन. ते मी नाही म्हणत नाही. पण तो खाली पडून राह्यला, कोणी आलं नाही, आई म्हणून ओरडला, असं झालं नाही. राकेश लगेच उतरला, तवा श्वास नव्हता. एवढं मले पक्कं माहीत हाये. जास्त माहीत नाही."

कांता म्हणाली, "बरं झालं, खरं सांगतलं." आणि तिनं स्वतःच्या हातानं झाकण लावलं. त्या रात्री ती झोपली. कितीतरी महिन्यांनी सलग झोपली.

जहाज आम्ही फुलसावंगीला आणलं. पुढच्या खोलीत ठेवलं, वर काच. गावातले लोक पाहायला आले. मी प्रत्येकाला झाकण उचलून दाखवलं, तांदळाचा दाणा धरून दाखवला. ज्यांनी दारूचं बोलणं केलं होतं त्यांतले एक गृहस्थही आले. वाकून पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं. मला म्हणाले, "दिगंबर, मले वाटलं जहाज म्हणजे नाव असते." मी म्हणालो, मलाही तसंच वाटत होतं. ते बसले, चहा घेतला आणि गेले. त्यानंतर गावात ते बोलणं ऐकू आलं नाही. आणि माझ्या मनातलंही गेलं.

सिस्टर आणि कांता नंतर मैत्रिणी झाल्या. सिस्टरांच्या हृदयाचा त्रास वाढला, तेव्हा कांता महिनाभर इथं येऊन राहिली. भांडायच्या दोघी. सिस्टर मिठाचं लोणचं मागायच्या आणि कांता द्यायची नाही. दवाखान्याच्या सिस्टरला कांता पथ्य शिकवायची. गेल्या आठवड्यात सकाळी अर्चनाताईंचा फोन आला, आई गेली. कांतानं फोन ठेवला, पातळ बदललं आणि म्हणाली, चला.

शेवटचं एक सांगतो आणि बसतो.

यंदा दिवाळीनंतर आमच्याकडं पुसदकडची एक बाई आली. सोबत तिचा तरणा मुलगा. त्याला जहाजावर नोकरी लागली होती. ती त्याला जाऊ देत नव्हती. कोणीतरी तिला आमचं घर सांगितलं होतं. मला वाटलं, कांता म्हणेल, पाठवू नको. कोणती आई दुसऱ्या आईला पाठव म्हणेल? कांतानं काच बाजूला केली. मजले उचलले. हा पलंग, इथं जेवण, इथं आंघोळ, फोन करायचा तर या कोपऱ्यात ये. सगळं दाखवलं. मग कोठार उघडलं. त्या मुलाला जवळ बोलावलं, म्हणाली, "पाह्य, माणूस इथून उतरते. शिडी ओली असन तं उतरू नको, साहेब किती का बोलेना. पट्टा बांधल्याशिवाय उतरू नको. मले वचन दे." त्यानं दिलं. त्याच्या आईनं विचारलं, बाई, मी पाठवू का? कांता म्हणाली, "ते मी कशी सांगू? पण आता तुले दिसते तरी, तो कोठी चालला."

तो मुलगा गेला. बंदर आलं की घरी फोन करतो. आणि मग कांतालाही करतो. ती विचारते, जेवला काय? शिडी वाळली होती काय?

हे फक्त योगेशच्या जहाजाचं झालं. सिस्टरांनी केलेली बाकीची जहाजं इथं शेजारच्या खोलीत मांडली आहेत. जाताना पाहून जा. हात लावू नका, गाठी नाजूक आहेत.

आता आपण सगळे सिस्टरांच्या श्रद्धांजलीसाठी उभे राहू. मी घड्याळ लावणार नाही. अर्चनाताई पुढं उभ्या आहेत, त्यांच्याकडं पाहा. त्या बसतील तेव्हा आपण बसू. त्यांना जितका वेळ लागेल तितका लागू द्या.

प्रमिला सिस्टर, दिगंबर आणि कांताचा नमस्कार घ्या.